उत्तर जिल्ह्यातच मिळावे

दिवाळीच्या आसपासच, २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिन येतो. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शहीद झालेले पंधरा पोलीस या भागाला कधीच विसरता येणार नाहीत. त्यांना अभिवादन करून भद्रावतीचा हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती देताना यंदा एक प्रश्न मुद्दाम पुढे ठेवला आहे: पोलिसांविरुद्ध तक्रार असेल, तर सामान्य माणसाने जायचे कुठे?

याच प्रश्नाने देशाचा कायदा बदलला आणि त्याची सुरुवात याच मुलखात झाली.

२६ मार्च १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होते. मजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीला जबाबासाठी रात्री पोलीस ठाण्यात बोलावले गेले. सोबतच्यांना बाहेर पाठवून तिला मागे ठेवले आणि तिथेच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे तिने सांगितले. बाहेर जमलेले लोक खवळले, तेव्हा कुठे तिची तक्रार लिहून घेतली गेली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, त्याअर्थी तिची संमती होती, असा तर्क निकालात होता.

त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठिकठिकाणच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे.

कायदा बदलला, पण दाद मागण्याची जागा अजून दूरच आहे. २००६ मध्ये पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरण राज्याबरोबर प्रत्येक जिल्ह्यातही नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग हे दोनच स्तर ठेवले, जिल्हा वगळला. सिरोंच्याच्या मजुराने विभागीय प्राधिकरणासाठी नागपूरला जाऊन पोलिसांविरुद्ध दाद मागायची, तर मजुरी बुडणार, गाडीभाडे खर्च होणार आणि परत त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचे. अशा माणसाची तक्रार मनातच राहते आणि कागदावर सगळे आलबेल दिसते.

प्रामाणिक पोलिसालाही ही व्यवस्था हवी असायला हवी. लोकांचा विश्वास नसेल, तर गुन्ह्याची खबर ठाण्यापर्यंत येतच नाही. मग गुन्हा रोखणार कसा?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत स्वतंत्र तक्रार प्राधिकरण झालेच पाहिजे. ग्रामसभा काय करू शकते, ते गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेने जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवले आहे. वाचकांनी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव मांडावा आणि त्याची प्रत आपल्या आमदाराच्या हाती द्यावी.