मेलेल्या गाईचा डॉक्टर

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नव्हतं. कामाचा व्याप, आणि थोडा आळसही. पण यंदा रामनवमीला पोहरादेवीला गेलो आणि एक गोष्ट ऐकून आलो, ती डोक्यातून जाईना. हे वाचून घरातली निदान दोन माणसं माझ्यावर रागावणार आहेत. रागावू देत.

सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन झालं, याडीने सांगितलेला नारळ वाढवून झाला, मग सगळे मिळून नंगारा संग्रहालय पाहायला गेलो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडलं, पण माझं पाहायचं राहिलं होतं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अख्खा देश पालथा घालायचे, हे लहानपणापासून ऐकलेलं. ज्यांचं सगळं घर बैलाच्या पाठीवर होतं, त्यांची आम्ही नातवंडं-पतवंडं. बाहेर येऊन झाडाखाली चहा घेत बसलो आणि काकांनी त्यांच्या गाईचं सांगितलं.

जर्सी क्रॉस, दुसरं वेत. रात्री अकराच्या सुमारास अडली. काकांनी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि त्यांच्याकडे आणखी दोन दवाखान्यांचा चार्ज. मग आले ते नेहमीचे 'डॉक्टर'. म्हणजे आमच्या भागात ज्यांना सगळे डॉक्टर म्हणतात ते. मोटरसायकल, मागे रेतनाच्या नळकांड्यांचा कॅन, खांद्याला पिशवी. चौघांनी दोरी लावून वासरू ओढलं. ते मेलेलंच होतं. पाठोपाठ गाईचं मायांग बाहेर आलं. ते आत ढकललं, दोन इंजेक्शनं दिली, साडेसातशे रुपये घेतले आणि ते गेले. पहाटे गाय गेली.

गाईचा विमा होता, कानात बिल्ला होता. विम्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला लागतो. दुसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टर आले, शवविच्छेदन केलं, कागद भरले, सही केली, शिक्का मारला, खाली नोंदणी क्रमांक लिहिला. काका म्हणाले, "जिती होती तवा कोणी आलं नाही. मेल्यावर डाक्टर आला. अन् माणूस चांगला आहे बाप्पा, त्याले काय बोलू?"

त्या कागदावर एक रकाना होता: आजारपणात उपचार कोणी केले? तो कोराच राहिला. काय लिहिणार? ज्याने उपचार केले तो माणूस कागदावर अस्तित्वातच नाही.

माझं भांडण त्या कोऱ्या रकान्याशी आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ चा. महाराष्ट्राने तो १९९७ मध्ये लागू केला. त्याचं कलम ३० स्पष्ट आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कोणी जनावरांवर वैद्यकी करायची नाही, की दाखल्यावर सही करायची नाही. नोंदणी कोणाची? मान्य पदवी असलेल्याची. ही पदवी म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. गाईच्या पोटात हात घालणाऱ्याला आत काय आहे हे माहीत असावं, ही अपेक्षा जास्त नाही.

पण त्याच कलमात एक पळवाट... पळवाट नको म्हणू, खिडकी म्हणू. राज्य सरकारने परवानगी दिली तर पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेले पशुधन पर्यवेक्षक वगैरे लोक 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देऊ शकतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार. महाराष्ट्राने २००९ मध्ये अशा सेवांची यादीही काढली. अट एकच, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार.

देखरेखीखाली! सगळी गोम या एका शब्दात आहे. कोणाच्या देखरेखीखाली? त्या देखरेख करणाऱ्याचं नाव काय, फोन काय? रात्री अकरा वाजता दोरी लावण्याआधी त्याला कोणी विचारलं का? आमच्या तांड्यात हे कोणाला सांगता येणार नाही. मला वाटतं, तुमच्याही गावात येणार नाही.

माझा मावसभाऊ पदविकाधारक आहे. मुद्दाम सांगतो, काकांच्या गाईजवळचा तो नव्हे, त्याचं गाव वेगळं. पण गोष्ट ऐकून तो उसळलाच. "दादा, तू पुण्यात बसून बोलतोस. लम्पी आला तेव्हा गोठ्यागोठ्यात सुया कोणी टोचल्या? तेव्हा आम्ही बोगस नव्हतो?" त्याचं चूक नाही. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात जवळजवळ १ कोटी ४० लाख गाई-बैल होते. २०२२ मध्ये लम्पी आल्यावर एवढ्या जनावरांना थोड्या आठवड्यांत लस टोचायची, हे काम नुसत्या पदवीधरांच्या हातून होणं शक्यच नव्हतं. जिल्हा परिषदेचे श्रेणी-२ चे दवाखाने तर पर्यवेक्षकांच्याच जिवावर चालत आले. म्हणजे सरकारला गरज असते तेव्हा हा माणूस 'यंत्रणा' असतो आणि गाय मेली की 'बोगस डॉक्टर'. हा दुटप्पीपणा आहे, आणि तो मला मान्य नाही.

पण भाऊ पुढे म्हणतो, "आम्हाला स्वतंत्र प्रॅक्टिसचा हक्क द्या." तिथे माझं आणि त्याचं जमत नाही. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आला आहे, तोही आपल्याच राज्यातून. १९७१ च्या राज्याच्या कायद्याखाली इथल्या पदविकाधारकांची नोंदणी व्हायची. १९९७ नंतर ते दार बंद झालं म्हणून ते कोर्टात गेले. २००७ मध्ये उदयसिंग डागर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात कोर्टाने केंद्राचा कायदा वैध ठरवला. धंद्याचं स्वातंत्र्य आहे, पण त्यासाठी पात्रता ठरवण्याचा हक्क कायद्याला आहे. कोर्टाचं सोडा, काकांच्या गाईचं पाहा. वासरू कसं अडलंय हे न तपासता दोरी लावली तर काय होतं, ते आम्ही पाहिलं. अनुभव मोठा गुरू आहे, कबूल. पण त्याची फी गाय भरते.

तर मग पदवीधरांच्या बाजूने बोलू का? तेही पूर्ण नाही. त्यांच्यातले काही म्हणतात, या लोकांची यादी केली की त्यांना मान्यता दिल्यासारखं होईल. अहो, मान्यतेची खिडकी कायद्याने १९८४ लाच उघडली. तुम्ही फक्त तिच्यावर पडदा ओढून बसलात. यादी नसल्याने बोगस कमी होत नाहीत. उलट शिकलेला पदविकाधारक आणि कुठेतरी कंपाउंडरकी करून सुई धरायला शिकलेला, दोघे एकाच मोटरसायकलवर एकाच नावाने फिरतात. फरक करायचा तो शेतकऱ्याने. कशावरून करायचा?

यादीचा आणखी एक उपयोग आहे, तो कोणी बोलत नाही. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही आली. नोंदणीकृत डॉक्टरला हे कळवता येतं, तो कुठे आहे हे परिषदेला ठाऊक असतं. ज्याचं नावच कुठे नाही त्याला कोण कळवणार? त्याच्या पिशवीत काय आहे, सुई दिल्यावर किती दिवस दूध बाजूला काढायचं हे त्याने सांगितलं की नाही, हे कोण विचारणार? ते दूध आपल्याच पोरांच्या चहात जातं.

माझं मागणं मोठं नाही. ज्याला ज्याला सरकार जनावराला हात लावू देतं, त्याचं नाव यादीत असावं. नावापुढे त्याच्या देखरेख करणाऱ्या पशुवैद्यकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि फोन असावा. ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. आणि प्रत्येक उपचारानंतर एक चिठ्ठी मिळावी: औषध कुठलं, किती, दूध किती दिवस वापरायचं नाही, आणि खाली सही. चिठ्ठीला पैसे लागत नाहीत. देखरेख करणाऱ्यालाही मग रात्रीचा फोन उचलावा लागेल, कारण नाव त्याचं आहे. कृत्रिम रेतनापुरतं तर राज्याने २०२३ च्या गोजातीय प्रजनन कायद्यात नोंदणी आणलीच आहे. रेताच्या नळकांडीला नोंदणी चालते, तर सुईला का नको?

काकांचा आक्षेप मात्र खरा आहे. ते म्हणाले, "यादी-बिदी केली अन् तो यायचाच बंद झाला तं? १९६२ ची गाडी येईपर्यंत जित्राब थांबते का?" यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. काही लोक घाबरून येणं थांबवतील, काही महिने त्रास होईल. रिकाम्या जागा भरल्याशिवाय आणि एका डॉक्टरवर तीन दवाखाने लादणं थांबल्याशिवाय नुसती यादीही पुरणार नाही. पण आज जो येतोय तो कोण आहे, हेच माहीत नसताना त्याच्या येण्याचा आधार तरी किती मानायचा?

असो. काकांनी दुसरी गाय घेतली आहे, गाभण आहे, पावसाळ्याच्या तोंडाशी विणार. रात्री अडली तर ते कोणाला फोन करतील हे मला ठाऊक आहे. तोच नंबर, मोबाइलमध्ये 'डाक्टर' या नावाने. पुढच्या वेळी निघताना मी त्यांना एक वही देणार आहे. जो कोणी येईल, त्याच्याकडून औषधाचं नाव आणि सही घ्यायची. तो देणार नाही म्हणाला, तर तेही लिहून ठेवायचं. रकाना कोरा सोडायचा नाही.