हातात कला आली, पुढं काय?

मैत्रिणींनो, मुलगा आय.टी.आय.ला गेला की आपण येणाऱ्याजाणाऱ्याला काय सांगतो? "शिक्षण झालं की चिकटेल कुठंतरी!" वायरमन असो, फिटर असो, शेवट नोकरीतच व्हायचा हे आपण आधीच ठरवून टाकतो.

अशा मुलामुलींना मी आठवड्यातून तीन दिवस शिकवते. "स्वतःचं काही काढणार का?" असं विचारलं, की वर होणारे हात पहिल्या नंबरवाल्यांचेच असतात असं नाही बरं का! ज्यांच्या घरी पिठाची गिरणी, किराणा दुकान किंवा शिवणयंत्र आहे, त्यांचे हात आधी वर होतात. गिऱ्हाईक रुसतं, उधारी थकते, तरी घर चालतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सुट्टीत एखाद्या कारागिराच्या हाताखाली राबलेल्यांचीही भीड चेपलेली असते.

बाकीच्यांना अडवते ती भांडवलाची धास्ती. पण लगेच दागिने मोडायला नकोत. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. अर्थात ते फेडायचं असतं, हेही मुलांना सांगायला हवं.

आणि सर्वांत मोठी अडचण? आपलं बोलणं! "धंदेवाल्याला मुलगी कोण देणार?" हे वाक्य ऐकून कितीतरी मुलं गप्प बसतात. मुलींचं तर विचारूच नका. त्यांच्या शिवणाला आपण 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणतो. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. पापड आपणही लाटतोच की! त्यांनी ते विकायचं ठरवलं, इतकंच.

तेव्हा एवढं करून पाहा. शेजारणीचा पंखा दुरुस्त केला, ब्लाऊज शिवलं, तर मुलांना मजुरी मागू द्या; "आपल्यातलेच आहेत" म्हणून फुकट करायला लावू नका. एक वही द्या. सामान किती, वेळ किती, हाती काय उरलं, ते लिहू देत. सहा महिन्यांनी वहीच सांगेल, धंदा जमेल की नाही ते.

नाही जमलं तर नोकरी आहेच. प्रमाणपत्र कुठं पळून जात नाही. पण करून पाहण्याआधीच घरातून "नको" ऐकलेलं मूल पुन्हा विचारायला येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.