ओसरीवरील गोष्टी : ट्वीडीबाईंच्या कोंबड्या आणि आमची कपिला

गेल्या सुटींत आमच्या दिवाणखान्यांत एक लहानसा वाद उपस्थित झाला. धाकट्या नातीनें 'चिकन रन' नांवाचा इंग्रजी बोलपट लावण्याचा हट्ट धरिला. नांवाचा अर्थ कळतांच माझी वडील बहीण आक्का जपमाळ बाजूस ठेवून म्हणाली, "शिव शिव! कोंबड्या, आणि त्याही देवघरासमोर?" तेव्हां सूनबाईंनीं मध्यस्थी केली. "आत्याबाई, सगळ्या मातीच्या आहेत. खरी एकही नाहीं." मातीच्या म्हणतांच आक्काचा विरोध मावळला, आणि पुढें सर्वांत पुढची खुर्ची तिचीच होती.

हा बोलपट इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरच्या आर्डमन या संस्थेनें २००० सालीं काढिला. पीटर लॉर्ड व निक पार्क हे त्याचे दिग्दर्शक. यांतील पात्रें कागदावर रेखाटलेलीं नसून रंगीत, लवचीक मातीचीं बाहुलीं आहेत. बाहुलें किंचित् हलवावयाचें, छायाचित्र घ्यावयाचें, पुन्हां किंचित् हलवावयाचें, असा हा उद्योग. पडद्यावरून एका सेकंदांत २४ चित्रें सरकतात आणि खेळ ८४ मिनिटांचा आहे. गणिताची आवड असलेल्या मुलांनीं गुणाकार करून पाहावा. उत्तर १,२०,९६० येतें. हीच युक्ति आपल्या दादासाहेब फाळके यांनीं १९१५ च्या सुमारास आगकाड्यांवर करून दाखविली होती, हेंही मुलांच्या कानांवर घालावें.

कथा घडते ती यॉर्कशायरमधील, तारेचें कुंपण घातलेल्या कोंबड्यांच्या एका वाडीवर, १९५० नंतरच्या दशकांत. मालकीण ट्वीडीबाई मोठी हिशेबी. अंड्यांची मोजदाद रोजची, आणि जिचीं अंडीं थांबलीं तिला कुऱ्हाड. एडविना नांवाच्या कोंबडीवर हा प्रसंग आरंभींच येतो. घाव प्रत्यक्ष दाखविलेला नाहीं. तथापि मुलांना तो कळतो. सदा लोकर विणीत बसणारी भोळी बॅब्स तेवढी विचारते कीं, एडविना सुटीवर गेली काय? जिंजर ही सर्वांत करारी कोंबडी. ती बंटी नांवाच्या पुष्ट मैत्रिणीस विचारते, तूं आपल्यांतलीं चार अंडीं तिला कां दिलीं नाहींस? बंटी म्हणते, दिलीं असतीं. पण तिनें कोणास सांगितलेंच नाहीं.

पुढील भाग विनोदाचा आहे. अंड्यांत फायदा थोडा, म्हणून ट्वीडीबाई एक अगडबंब यंत्र आणिते. इकडून कोंबडी घालावी, तिकडून मोठ्या करंजीसारखें सामिष पक्वान्न बाहेर यावें. कोंबड्यांना उडावयास शिकविण्याचें वचन देणारा सर्कशींतील रॉकी कोंबडा हा थापाड्या ठरतो. अखेर कोंबड्या स्वतःच विमान बांधतात. तें चालविणार कोण? फाउलर नांवाचा एक म्हातारा कोंबडा हवाई दलांतील जुन्या बढाया सांगून सर्वांस कंटाळा आणीत असतो. त्याच्यावर पाळी येते. तेव्हां तो कबूल करितो कीं, आपण दलांत केवळ शुभचिन्ह म्हणून होतों, विमान कधीं चालविलेलें नाहीं. तरी तो बसतो, आणि विमान उडतें. पेन्शनीत निघालेल्या मास्तरास या प्रसंगीं कोण आनंद झाला, हें सांगणें नलगे!

खेळ संपल्यावर नात म्हणाली, "आजोबा, बॅब्स किती वेडी! म्हणे, सुटीवर गेली!" सगळीं हंसलीं. आक्का हंसली नाहीं. मुलें अंगणांत गेल्यावर ती मला म्हणाली, "अरे, आपली कपिला आठवते ना?"

"न आठवायला काय झालें? मामांच्या गांवीं धाडिली होती."

"मामांच्या गांवीं नव्हे रे. भाकड झाली म्हणून बाबांनीं आठवड्याच्या बाजारांत दिली. तूं रडशील म्हणून तुला तसें सांगितलें. दावें सोडलें तेव्हां मी गोठ्यांत होतें."

मी त्या वेळीं सात वर्षांचा होतों. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें मी बॅब्सच होतों.

वडिलांस दोष देण्यास मी धजत नाहीं. त्या वर्षीं वैरण महाग होती आणि घरांत खाणारीं तोंडें चौदा. परंतु आपल्या घरीं सामिष शिजत नाहीं, तेव्हां ट्वीडीबाईंशीं आपला संबंध काय, असें जें आपण समाधान मानतों, तें मला त्या दिवसापासून मानवत नाहीं.

याहून लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. छत्तीस वर्षें मीं मुलांना संस्कृत शिकविलें. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्राचा आरंभ कितीदां तरी वाचला असेल. वर्धमान वाणी मथुरेस निघाला. यमुनाकांठच्या चिखलांत संजीवक बैलाचा पाय मोडला. तीन रात्री वाट पाहून धनी राखणदार ठेवून पुढें गेला. राखणदारही भिऊन निघाले, आणि बैल मेला असें खोटेंच सांगते झाले. संजीवक मात्र हिरवें गवत खाऊन धष्टपुष्ट झाला. मीं समास सोडवून घेतले, संधि विचारिले. पण धन्यानें केलें तें योग्य कीं अयोग्य, हें वर्गांत एकदांही विचारिलें नाहीं. मातीच्या कोंबड्यांनीं तें पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत विचारिलें.

मुलांना हा बोलपट दाखवावा कां? सात-आठ वर्षांच्या पुढें अवश्य दाखवावा. त्याहून लहान मुलें यंत्राच्या प्रसंगीं भितात. मात्र शेजारीं वडील माणसानें बसावें, आणि एडविना कोठें गेली असें मुलानें विचारिल्यास मामाच्या गांवीं धाडूं नये.

बंटीचें उत्तर मात्र माझ्या मनांतून जात नाहीं. अविभक्त कुटुंबांत एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावयाचें, हें आपण अभिमानानें सांगतों. परंतु ज्याचें उणें असतें तो बहुधा सांगत नाहीं. त्या रात्रीं, माझी नात काय समजली कोण जाणे, अंथरुणावर बसलेल्या आक्कास तिनें विचारिलें, "आक्काआजी, तुला कांहीं हवें आहे का?" आक्का प्रथम नको म्हणाली. मग थांबून म्हणाली कीं, गेले चार महिने पोथींतलें अक्षर दिसत नाहीं.

आम्हीं घरांत नऊ माणसें. रोज तिला पोथी हातांत घेऊन बसलेली पाहत होतों. चष्मा आतां झाला आहे.