पाणी गेलं, कळा नाहीत: सोनोग्राफी बाळंतपणाची वेळ सांगेल का?

दिवस भरायच्या आधीच पाणी गेलं आणि कळा नसल्या, की घरचे म्हणतात, ‘एकदा सोनोग्राफी करू, बाळंतपण कधी होईल ते कळेल.’ मी प्रसूतितज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो. माझं मत आधीच सांगतो. घरी थांबायचं की दवाखान्यात जायचं, हे या सोनोग्राफीवरून कधीही ठरवू नका.

बाळ गर्भजलाच्या पिशवीत वाढतं. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी, कळा नसताना ही पिशवी फुटणं साधारण १०० पैकी २ ते ३ गर्भवतींमध्ये घडतं. त्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त जणी आठवडाभरात बाळंत होतात. कुणी काही तासांत, तर कुणाचे दिवस आणखी कित्येक आठवडे पुढे जातात.

सोनोग्राफीत डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टी बघतात: गर्भाशयाच्या तोंडाची लांबी आणि पिशवीत उरलेलं पाणी. तोंड आखूड झालं असेल किंवा पाणी फारच कमी उरलं असेल, तर बाळंतपण लवकर होण्याची शक्यता वाढते. ही लांबी योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत नीट कळते. ती तपासणी सुरक्षित असते, तिला घाबरू नका. बोटाने वारंवार तपासणं मात्र टाळतात, कारण त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पण हा अंदाज आहे, तारीख नव्हे. लांबी चांगली असलेल्या बाईलाही त्याच रात्री कळा येऊ शकतात. आत जंतुसंसर्ग झाला, नाळ खाली सरकली किंवा वार सुटली, तर सकाळचा रिपोर्ट संध्याकाळी उपयोगाचा राहत नाही.

आणखी एक गैरसमज आहे. ‘सोनोग्राफीत पाणी भरपूर आहे, म्हणजे पिशवी फुटलीच नाही.’ असं नसतं. थोडं थोडं पाणी झिरपत असेल, तर सोनोग्राफी नॉर्मल दिसू शकते. निदान मुख्यतः डॉक्टरांनी स्पेक्युलम लावून केलेल्या तपासणीतून होतं.

मग दवाखान्यात जाऊन काय मिळतं? २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन देतात: दर १२ तासांनी एक, अशी चार इंजेक्शनं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मुदतीआधी बाळंतपणाची शक्यता असेल तर पुढे पाठवण्यापूर्वी पहिला डोस एएनएम सिस्टरही देऊ शकतात. शिवाय जंतुसंसर्ग टाळण्यासाठी अँटिबायोटिक मिळतं, आईचा ताप आणि बाळाचे ठोके यांवर लक्ष राहतं. सोनोग्राफीचा अंदाज डॉक्टरांना या उपचारांची वेळ ठरवताना मदत करतो. त्याचा खरा उपयोग एवढाच.

आपल्या जिल्ह्यात तर हे अधिकच महत्त्वाचं. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून गोंदियाला यायला वेळ लागतो. आधी तालुक्याला सोनोग्राफी, मग घरी, मग कळा आल्यावर धावपळ, या क्रमात बाळाचे मोलाचे तास जातात. कमी दिवसांचं बाळ वाटेत जन्मण्यापेक्षा नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी जन्मलेलं बरं. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात लगेच दाखवा. तिथून गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात पाठवलं, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, औषधं, तपासण्या आणि गाडी मोफत आहेत.

एक सोनोग्राफी मात्र अजिबात चुकवू नका, ती पहिल्या तीन महिन्यांतली. बाळाचं वय तिच्यात सर्वांत नेमकं कळतं. पुढे पाणी गेलंच, तर ‘हे बाळ ३१ आठवड्यांचं की ३५?’ यावर सगळे उपचार ठरतात. तो कागद फाइलमध्ये जपून ठेवा.

पाणी गेल्यावर स्वच्छ पॅड लावा, आत काहीही घालू नका, संबंध टाळा. पाणी हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त असेल, ताप, रक्तस्राव किंवा पोटदुखी असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल किंवा नाळ बाहेर आल्यासारखी वाटली, तर एक मिनिटही थांबू नका. यातलं काहीच नसलं, तरी त्याच दिवशी निघा. रात्री पाणी गेलं तर रात्रीच.