पेपर फुटलेला नव्हता ना?

संगणकाने प्रथिनाचा त्रिमिती आकार ओळखला, अशी बातमी आली की आपण पहिल्यांदा विचारतो, किती अचूक? त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: परीक्षा कुणी घेतली, आणि पेपर आधीच फुटलेला नव्हता ना? माहीत असलेल्या रचनांवर आपली पद्धत घासूनपुसून तिलाच भरघोस गुण देणं कुणालाही जमतं. म्हणूनच १९९४ साली जॉन मोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली ‘कॅस्प’ ही चाचणी मला या क्षेत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. प्रयोगातून उलगडलेली, पण अजून जाहीर न झालेली प्रथिनं निवडायची, स्पर्धकांना फक्त अमिनो आम्लांचा क्रम द्यायचा आणि तपासणी त्रयस्थांकडे सोपवायची. २०२० मध्ये याच चाचणीत ‘अल्फाफोल्ड’ या संगणक प्रोग्रामला शंभरपैकी ९२.४ इतका मध्यक गुणांक मिळाला, तेव्हा शंका घेणाऱ्यांनीही मान्य केलं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमागे संगणकाच्या ताकदीइतकीच ही कठोर परीक्षाही उभी आहे.

पण हे गुण नेमके कशाचे? प्रथिनाच्या साखळीतली किती अमिनो आम्लं खऱ्या जागेच्या एक, दोन, चार आणि आठ अँगस्ट्रॉमच्या आत बसली, त्याची ही सरासरी. आकाराविषयी ती पुष्कळ सांगते, आजाराविषयी सांगेलच असं नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर घर करून राहिलेला सिकलसेल घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. सुट्या रेणूचा आकार जवळजवळ तसाच राहतो. प्राणवायू सुटला की मात्र हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि रुग्ण वेदनेने तळमळतो. इथे आकाराचं अचूक भाकीत करणारी पद्धत जवळपास पैकीच्या पैकी गुण घेईल आणि आजाराचं कारण तिच्या हातून निसटेल. दोष पद्धतीचा नाही. आपण तिला विचारलेला प्रश्नच दुसरा होता. औषधासाठी, लसीसाठी की बियाण्यासाठी, ज्या कामाला भाकीत वापरायचं त्याच कामावर ते तपासलं पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, आता वीस कोटींहून अधिक रचना खुल्या उपलब्ध आहेत, एकेक कुठे तपासत बसणार? शिवाय प्रोग्राम स्वतःच प्रत्येक भागाबद्दलची खात्री आकड्यात सांगतो. ती खात्री उपयोगाची आहे, यात वाद नाही. पन्नासच्या खालचा आकडा दिसला की तो भाग बहुधा स्थिर घडी नसलेला आहे, हे कळतं. पण तो प्रोग्रामचा स्वतःविषयीचा अंदाज आहे, आणि तो कितपत खरा हेही बाहेरच्यानेच मोजायला हवं. सगळ्या रचना तपासा असं कुणीच म्हणत नाही. नमुना घ्या, पण प्रोग्रामचं शिक्षण संपल्यानंतर उलगडलेल्या रचनांतूनच घ्या.

या कामाची परंपरा आपल्याकडे आहे. गो. ना. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह मांडलेला आलेख आजही जगभर रचनेतल्या चुका पकडायला वापरतात, मग ती रचना प्रयोगातली असो की भाकिताची. पुणे विद्यापीठातून कोळस्कर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये प्रथिनावरच्या प्रतिजनी जागा ओळखण्याची पद्धत दिली, तेव्हा ती सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर येते हेही सांगितलं. म्हणजे चुकते किती, तेही वाचणाऱ्याला कळलं. माणसं आणि साधनंही आहेत. आज म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये इन्फोसिसच्या संकुलात हजारो तरुण अभियंते प्रशिक्षण घेतात आणि त्याच शहरात अन्नातल्या प्रथिनांवर काम करणारी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. इंदूरच्या इंडस-२ या क्ष-किरण स्रोतावर प्रथिनांचे स्फटिक तपासण्याची सोय आहे. सिकलसेल, क्षयरोग, आपल्या डाळींतली प्रथिनं, सर्पविष अशा आपल्या गरजेच्या विषयांवर देशाची स्वतःची खुली, त्रयस्थ चाचणी उभी करायला आणखी कशाची वाट पाहायची? महाकाय प्रोग्राम घडवण्यापेक्षा तिला खर्च पुष्कळ कमी लागेल. निदान एवढं तरी संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी विभागांनी आजच ठरवावं: भाकिताच्या कुठल्याही प्रकल्पाला अनुदान देताना त्याची परीक्षा दुसरं कोण, केव्हा घेणार, हे अर्जातच लिहून घ्यावं.