तेच दोन रंग, अर्थ मात्र वेगळा

शेजारची मुलगी चित्रकलेचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. सोबत तिची आई. एका पानावर बोट ठेवून त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, यात ना माणूस, ना झाड. मग हे चित्र कशाचं?"

प्रश्न रास्त आहे. अशा चित्रापुढे 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून आपण मागे सरतो. वाचकहो, मागे सरू नका.

चित्र होते नॉर्मन लुईस यांचे. १९०९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मलेले हे कृष्णवर्णीय चित्रकार. आधी ते गरिबांच्या जगण्याची सरळ दिसणारी चित्रे काढीत. पुढे ते अमूर्त अभिव्यक्तिवादाकडे वळले. म्हणजे वस्तूची नक्कल न करता रंग, रेषा आणि मांडणी यांतून मनातले सांगणे.

त्यांचे १९६० चे 'अमेरिकन टोटेम' पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर मधोमध एकच पांढरा उभा आकार. त्यात मुखवटे, कवट्या असल्याचा भास होतो. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेचे लोक टोकदार पांढऱ्या टोप्यांनी तोंड झाकून कृष्णवर्णीयांवर हल्ले करीत. हे कळले की त्या उभ्या आकाराची धास्ती वाटते.

आता १९६५ चे 'प्रोसेशनल', म्हणजे मिरवणूक. रंग तेच दोन. पण येथे पांढऱ्या रंगाचे अनेक लहान फटकारे काळ्यातून आडवे सरकत जातात. त्याच वर्षी मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीपर्यंत, सुमारे ८७ किलोमीटर, मोर्चा निघाला होता. जाणकार हे चित्र त्या मोर्चाशी जोडतात.

एका चित्रातला पांढरा रंग भीती घालतो, दुसऱ्यातला चालायला लावतो. तेव्हा अमुक रंगाचा अमुकच अर्थ, असे कोष्टक नसते. अर्थ मांडणीने ठरतो.

म्हणून आधी पाहावे, नजर प्रथम कोठे जाते? आकार उभा की आडवा? एकटा की घोळक्यात? मग नाव आणि साल वाचावे. मनाला येईल तो अर्थ मात्र लावू नये. तो चित्रात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

त्या बाईंनी पान पुन्हा जवळ ओढले. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "ही तर माणसं चाललीत की!"

त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. चित्राचे नावही त्यांनी अजून वाचले नव्हते.