पूर्वज 'तापाने' मेले की भुकेने?

जात पडताळणीसाठी आपली पोरं कोतवाल बुकाची नक्कल काढतात. जातीचा रकाना सापडला की कागद फाईलला लागतो आणि शोध संपतो. मृत्यूच्या नोंदीत मरणाचे कारणही असते. ते कोणी वाचत नाही. आम्ही म्हणतो, ते वाचा.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या कितीतरी आधीपासून मध्य प्रांतात गावचा कोतवाल ठाण्यावर जाऊन जन्म-मृत्यू सांगत असे. बऱ्याच गावांत हा कोतवाल महारच असायचा. म्हणजे साऱ्या गावाचे मरण पायी वाहून नेले आमच्या माणसाने, पण लेखणी दुसऱ्याच्या हातात! डॉक्टरने कोणाला तपासलेले नसायचे. पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप अशा ठरलेल्या खणांत मरण बसवले जाई. हिवताप, टायफॉइड सगळे 'तापात'. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत भुकेने खचलेल्या अंगाला शेवटी ताप किंवा हगवणच लागायची, आणि कागदावर तेवढेच राहायचे. उपासमारीची जबाबदारी सरकारवर येते, तापाची कोणावरच येत नाही.

मुलचेऱ्यातल्या मित्रांनो, १९८२ पूर्वी गडचिरोली जिल्हा नव्हता. जुने कागद 'चांदा' नावाने शोधा. एका नोंदीवर थांबू नका, त्या महिन्यात गावात आणखी किती मेले ते मोजा. ओळीने पटकी असेल तर विचारा, महारवाड्याला पाणी कुठले होते? १९१८ च्या अखेरीस ओळीने ताप असेल तर ती बहुधा इन्फ्लुएंझाची साथ, जिला जुनी माणसे मानमोडी म्हणत. नोंदच नसेल तर आजीला बोलते करा. 'देवी आल्या', 'मरीआईचा फेरा' हे शब्दही पुरावाच आहेत.

तालुक्यातल्या बंगाली वस्त्यांतील अनेक नामशूद्र बांधवांच्या पूर्वजांचे कागद तर फाळणीत सीमेपलीकडेच राहिले. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर पाठवण्यासाठी झटणारे जोगेंद्रनाथ मंडल याच समाजाचे. त्यांच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीही आपणच लिहून घेतल्या पाहिजेत.

'नशिबात होते' म्हणणे सोपे आहे. पण १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात जो धम्म दिला, तो सांगतो की कारणाशिवाय काही घडत नाही. मग आपल्या पणज्याचे मरण तरी विनाकारण कसे असेल?

पुढची नक्कल काढाल तेव्हा जातीच्या रकान्यावर थांबू नका. जयभीम!